डोनाच्या आजोबांवर नोंद कशी लिहावी

'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. काळात हिंडणारा डॉक्टर आणि त्याच्यासोबत फिरणारं कुणीतरी माणूस, हा तिचा पाया. सोबत्याच्या घरच्यांना खरं महत्त्व मिळालं ते २००५च्या पुनरागमनानंतर. रोझची आई, मार्थाचं कुटुंब आणि डोना नोबलचे आजोबा विल्फ्रेड मॉट ही त्यातली ठळक नावं. विल्फवर मराठी विकिपीडियासाठी किंवा रसिकांच्या कोशासाठी नोंद लिहायची असेल तर काय करावं, कुठे पाय घसरतो आणि का, ते इथे सविस्तर दिलं आहे. हीच पद्धत इतर दुय्यम पात्रांनाही चालते, पण विल्फच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक अडचण एकाच माणसात सापडते, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करणं फायद्याचं.

मुख्य अडचण आधी समजून घ्यावी. कथा डॉक्टरची असते आणि विल्फ त्यात थोडाच वेळ येतो. त्यामुळे अशा नोंदींचा पहिला खर्डा बहुतेक वेळा भागांच्या सारांशांची माळ होऊन बसतो: परिच्छेदभर परग्रहवासीयांची स्वारी आणि शेवटच्या वाक्यात 'या वेळी विल्फही उपस्थित असतो'. अशी नोंद वाचून विल्फ कळत नाही. यावर एक कसोटी आहे. प्रत्येक वाक्यातून विल्फचं नाव काढून पाहा. वाक्य तरीही तसंच्या तसं उभं राहत असेल तर ते या नोंदीतलं नाही, त्या भागाच्या नोंदीतलं आहे.

काय पाहायचं, कोणत्या क्रमाने

विल्फची भूमिका करणाऱ्या बर्नार्ड क्रिबिन्स यांचा अभिनय असलेले भाग दहा आहेत. 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' (२५ डिसेंबर २००७), 'पार्टनर्स इन क्राइम' (५ एप्रिल २००८), 'द सॉन्टारन स्ट्रॅटेजम' (२६ एप्रिल २००८), 'द पॉयझन स्काय' (३ मे २००८), 'टर्न लेफ्ट' (२१ जून २००८), 'द स्टोलन अर्थ' (२८ जून २००८), 'जर्नीज एंड' (५ जुलै २००८), 'द एंड ऑफ टाइम'चे दोन भाग (२५ डिसेंबर २००९ आणि १ जानेवारी २०१०), आणि तेरा वर्षांहून अधिक काळानंतर 'वाइल्ड ब्लू यॉन्डर' (२ डिसेंबर २०२३). तारखा ब्रिटनमधल्या पहिल्या प्रसारणाच्या घ्याव्यात. भारतात किंवा अमेरिकेत भाग केव्हा दिसला ती तारीख नोंदीत मिसळली की क्रम विस्कटतो.

यांखेरीज आणखी तीन भाग पाहावे लागतात. 'द रनअवे ब्राइड' (२५ डिसेंबर २००६) यासाठी, की तिथे डोनाचं लग्न आहे आणि आजोबा नाहीत. २०२३चे 'द स्टार बीस्ट' (२५ नोव्हेंबर) आणि 'द गिगल' (९ डिसेंबर) यासाठी, की म्हातारपणी विल्फची सोय कशी लागली आणि पुढे त्याचं काय झालं, हे तिथल्या संवादांमधून कळतं.

प्रत्येक भाग दोनदा पाहावा. पहिल्यांदा सलग, काहीही न लिहिता. दुसऱ्यांदा थांबत थांबत, हाताशी तक्ता घेऊन. तक्त्यात पाच रकाने पुरतात: भाग, दृश्य सुरू होण्याची वेळ, विल्फ काय करतो, त्यामुळे काय बदलतं, आणि त्या क्षणी त्याला काय काय ठाऊक आहे. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नंतर तिथेच अडकतात. 'जर्नीज एंड'च्या शेवटी डोनाची डॉक्टरबरोबरच्या प्रवासाची आठवण पुसली जाते. ती परत आली तर डोना मरेल, हे विल्फला आणि डोनाची आई सिल्व्हियाला सांगितलेलं आहे. त्यापुढचं विल्फचं सगळं वागणं या गुपिताच्या ओझ्याखाली चाललेलं आहे. हा रकाना रिकामा असेल तर 'द एंड ऑफ टाइम'मधला विल्फ नुसता गोड म्हातारा वाटतो. तो गोड आहेच, पण नातीसमोर रोज खोटं वागणारा माणूसही आहे.

नातं आणि नाव

विल्फ सिल्व्हियाचा बाप, म्हणजे डोनाचा आईकडचा आजोबा. आडनाव मॉट आहे, नोबल नाही. नोबल हे जावयाचं, जेफ नोबलचं आडनाव. नोंदीत नुसतं 'आजोबा' लिहिलं तर वाचक त्याला वडिलांचे वडील धरून चालतो आणि आडनावं जुळत नाहीत म्हणून गोंधळतो. पहिल्याच वाक्यात 'डोना नोबलच्या आईचे वडील' असं स्पष्ट लिहावं.

सर्वनामाचा निर्णयही सुरुवातीलाच घ्यावा. क्रिबिन्स यांच्यासाठी 'ते', पात्रासाठी 'तो', हे सोयीचं पडतं, कारण मग वाक्य अभिनेत्याबद्दल आहे की पात्राबद्दल हे क्रियापदावरूनच कळतं. दोघांनाही 'ते' केलं की 'ते १९४८मध्ये पॅलेस्टाइनमध्ये होते' या वाक्यातले 'ते' कोण, हे सांगता येत नाही. हे उदाहरण मुद्दाम दिलं आहे. पात्र विल्फ ब्रिटिश अमलाच्या अखेरीस, १९४८मध्ये, पॅलेस्टाइनमध्ये साधा शिपाई होता असं स्वतः सांगतो, आणि क्रिबिन्स यांनीही पॅराशूट रेजिमेंटमधून पॅलेस्टाइनमध्ये सक्तीची लष्करी सेवा केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण 'अभिनेत्याच्या आयुष्यावरून पात्र बेतलं' हा त्यापुढचा दावा आहे. त्याला लेखकाच्या किंवा अभिनेत्याच्या बोलण्याचा आधार असेल तरच तो लिहावा.

क्रियापदाचा काळही याच शिस्तीने ठेवावा. कथेत जे घडतं ते वर्तमानकाळात ('विल्फ दार ठोठावतो'), निर्मितीत जे घडलं ते भूतकाळात ('दृश्यं पुन्हा चित्रित झाली'). हे पाळलं की वाचकाला आपण गोष्टीच्या आत आहोत की बाहेर, ते वेगळं सांगावं लागत नाही.

निर्मितीचा भाग वेगळा ठेवा

विल्फ मुळात डोनाचा आजोबा म्हणून जन्मालाच आला नव्हता. 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड'मध्ये क्रिबिन्स एका वर्तमानपत्र विक्रेत्याच्या छोट्या भूमिकेत होते आणि आधीच्या प्रसिद्धीत त्या पात्राचं नाव स्टॅन असं होतं. डोनाच्या वडिलांची भूमिका 'द रनअवे ब्राइड'मध्ये हॉवर्ड अ‍ॅटफिल्ड यांनी केली होती आणि २००८च्या मालिकेतही तेच असणार होते. 'पार्टनर्स इन क्राइम'ची काही दृश्यं त्यांनी चित्रितही केली होती. ऑक्टोबर २००७मध्ये त्यांचं निधन झालं. मग वडिलांची जागा आजोबांना देण्यात आली, विक्रेता आणि आजोबा एकच ठरवले गेले, ती दृश्यं क्रिबिन्स यांच्यासह पुन्हा चित्रित झाली आणि 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' प्रसारित होताना श्रेयनामावलीत नाव आलं ते विल्फ्रेड मॉट. 'पार्टनर्स इन क्राइम' अ‍ॅटफिल्ड यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

हा तपशील कथानकाच्या विभागात घुसडू नये. 'विल्फ आधी स्टॅन होता' असं कथानकात लिहिणं चुकीचं, कारण पडद्यावर तो कधीच स्टॅन नव्हता. कथेच्या आतली दोन ठिगळं मात्र कथानकातच घ्यावीत. पहिलं असं, की डोनाच्या लग्नात विल्फ का नव्हता? तर स्पॅनिश फ्लूने अंथरुणाला खिळला होता, असं 'द सॉन्टारन स्ट्रॅटेजम'मध्ये येतं. दुसरं असं, की विल्फ आणि डॉक्टर एकमेकांना ओळखतात ते कसे? नाताळच्या आदल्या रात्री ओस पडलेल्या लंडनमध्ये डॉक्टर आणि त्याच्यासोबतचे लोक विल्फच्या डोळ्यांदेखत अदृश्य झाले होते. 'द सॉन्टारन स्ट्रॅटेजम'मध्ये दोघं समोरासमोर येतात तेव्हा ही ओळख पटते आणि डोना चकित होते.

निर्मितीच्या विभागात आणखी एक गोष्ट हवीच. डॅलेक या डॉक्टरच्या परग्रही शत्रूंशी क्रिबिन्स यांचा सामना १९६६चाच. पीटर कुशिंग यांच्या 'डॅलेक्स इन्व्हेजन अर्थ २१५० ए.डी.' या चित्रपटात त्यांनी टॉम कॅम्पबेल या पोलिसाची भूमिका केली होती. 'द स्टोलन अर्थ'मध्ये विल्फ डॅलेकच्या डोळ्यावर पेंटबॉलची बंदूक झाडतो, ते दृश्य जुन्या रसिकांना दुप्पट का आवडतं, ते यावरून कळतं. मात्र मालिका आणि तो चित्रपट यांचं कथाविश्व एक नाही. टॉम आणि विल्फ यांचं काही नातं आहे असं सुचवूही नये.

'टर्न लेफ्ट'चं काय करायचं

इथे सर्वांत जास्त नोंदी बिघडतात. या भागात डोना एका वळणावर डावीकडे न वळता उजवीकडे वळते, डॉक्टरला कधी भेटतच नाही, डॉक्टर मरतो आणि जग वेगळ्या वाटेने जातं. लंडन नष्ट होतं, नोबल कुटुंबाला लीड्समध्ये परक्यांच्या घरात दाटीवाटीने राहावं लागतं. त्याच घरात कोलासांतो हा इटालियन माणूस आपल्या कुटुंबासह राहतो. एके दिवशी सैनिक त्या कुटुंबाला ट्रकमध्ये बसवून घेऊन जातात. कामाच्या छावणीत नेतायत, असं कोलासांतो हसत सांगतो. डोनाला काही उमगत नाही. विल्फला लगेच उमगतं, कारण गेल्या खेपेलाही, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, हेच नाव दिलं होतं. निरोप घेताना तो आणि कोलासांतो एकमेकांना सलाम करतात.

शेवटी डोना स्वतःचा जीव देऊन ते वळण दुरुस्त करते आणि हे सगळं घडलंच नाही असं होतं. मग नोंदीत हे कुठे जाईल? दोन चुका सर्रास होतात. एक, हे मुख्य चरित्रात क्रमवार लिहिणं; मग विल्फ लंडनहून लीड्सला गेला आणि पुढच्या परिच्छेदात परत लंडनमधल्या चिझिकला, आपल्या घरी, कसा, हे कोडंच होतं. दुसरी, 'हे रद्द झालं' म्हणून पूर्ण गाळणं. ही दुसरी चूक अधिक वाईट, कारण विल्फच्या पिढीने काय पाहिलं आहे ते याच दृश्यात सर्वांत थेट दिसतं. योग्य मार्ग असा: 'पर्यायी काळरेषा' असा उपविभाग करावा, पहिल्याच वाक्यात 'डोना डॉक्टरला भेटली नाही अशा जगात' ही अट सांगावी, कोलासांतोचा प्रसंग तीन-चार वाक्यांत पुरा लिहावा आणि ही काळरेषा रद्द होते हे शेवटच्या वाक्यात नोंदवावं. चरित्राच्या मुख्य विभागातून या उपविभागाकडे एका वाक्याचा दुवा द्यावा.

रोझचा बाप पीट टायलर याच्यावर लिहितानाही हीच पद्धत लागते, फक्त तिथे काम दुप्पट आहे. रोझच्या जगातला पीट ७ नोव्हेंबर १९८७ला मरतो आणि 'फादर्स डे'मध्ये (१४ मे २००५) त्या मरणाची तऱ्हा बदलते. समांतर जगातला श्रीमंत पीट हा वेगळाच माणूस. त्यासाठी दोन स्वतंत्र उपविभाग हवेत, आणि एकाचा जन्म व दुसऱ्याचं लग्न एकाच माहितीचौकटीत (पानाच्या बाजूच्या तक्त्यात) भरता कामा नये.

'द एंड ऑफ टाइम': सर्वांत जास्त जागा इथे द्या

या दोन भागांत विल्फ डॉक्टरचा सोबतीच होतो, त्यामुळे चरित्राच्या विभागाचा जवळजवळ निम्मा मजकूर इथला असावा. तरीही मोह आवरावा लागतो, कारण टाइम लॉर्ड (डॉक्टरची जमात), त्यांचा ग्रह गॅलिफ्रे आणि त्यांच्यातलाच डॉक्टरचा शत्रू मास्टर असं सगळं एकदम आलेलं आहे. एक नमुना पाहा. बिघडलेला परिच्छेद असा असतो:

'मास्टर सर्व मानवांना आपल्यासारखं बनवतो. टाइम लॉर्ड परत येतात आणि पृथ्वीवर संकट कोसळतं. डॉक्टर त्यांना परत पाठवतो. शेवटी विल्फ एका काचेच्या खोलीत अडकतो व डॉक्टर त्याला वाचवतो.'

पहिली तीन वाक्यं विल्फशिवाय उभी राहतात. चौथ्यात विल्फ आहे, पण तो तिथे का गेला हे नाही, आणि त्याचा सगळा स्वभाव त्या 'का'मध्येच आहे. सुधारलेला परिच्छेद असा:

'नेस्मिथच्या वाड्यातल्या यंत्राला काचेचे दोन कप्पे आहेत. एका कप्प्यात सतत कुणीतरी असावं लागतं. दुसऱ्यात कुणी शिरलं की मगच पहिल्याचं दार उघडतं. गोंधळात आत अडकलेल्या एका कर्मचाऱ्याला सोडवायला विल्फ दुसऱ्या कप्प्यात जातो आणि स्वतः अडकतो. टाइम लॉर्ड परत गेल्यावर, संकट टळलं असं डॉक्टरला वाटत असतानाच, विल्फ काचेवर चार वेळा टकटक करतो. यंत्र बिघडलेलं आहे आणि सगळा किरणोत्सर्ग त्याच कप्प्यात उतरणार आहे. आपल्याला इथेच राहू द्या, आपण म्हातारे आहोत, असं विल्फ डॉक्टरला विनवतो. डॉक्टर चिडतो, हळहळतो आणि शेवटी दुसऱ्या कप्प्यात शिरून विल्फला बाहेर काढतो.'

आता प्रत्येक वाक्य विल्फसाठी आहे. 'चार वेळा' हे शब्द मात्र मोकळे सोडू नयेत. 'द एंड ऑफ टाइम'च्या आधीच, ११ एप्रिल २००९च्या 'प्लॅनेट ऑफ द डेड'मध्ये, कार्मेन नावाची बाई डॉक्टरला सांगते की त्याचं गाणं संपत आलं आहे आणि 'तो' चार वेळा टकटक करेल. मास्टरच्या डोक्यात सतत चार ठोके वाजत असतात, म्हणून डॉक्टर आणि प्रेक्षक दोघंही ते मास्टरवर लावतात. ते निघतात एका सज्जन म्हाताऱ्याच्या हातचे. ही जोडणी नोंदीत एकदाच, दोन वाक्यांत, टकटकीच्या प्रसंगाला लागून द्यावी. आरंभी दिली तर वाचकाला ती कशासाठी हे कळत नाही; शेवटी दिली तर प्रसंग आधीच हातातून निसटलेला असतो.

याच भागात विल्फचं जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर आहे. तो ते डॉक्टरला देऊ करतो आणि डॉक्टर नाही म्हणतो. टाइम लॉर्ड येतायत हे कळल्यावर मात्र तेच घेऊन जातो. विल्फने आयुष्यात कुणाला मारलेलं नाही, हेही इथेच समजतं. या तिन्ही गोष्टी एकत्र लिहाव्यात, कारण सुट्या लिहिल्या की बंदूक हा नुसता तपशील होऊन राहतो.

पांढऱ्या कपड्यांतली जी बाई विल्फला दिसत राहते, तिच्याबद्दल सावध राहावं. पडद्यावर तिचं नाव कुठेच सांगितलेलं नाही. विल्फ विचारतो तेव्हाही डॉक्टर उत्तर देत नाही. ती डॉक्टरची आई आहे, हे लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी पडद्याबाहेर सांगितलेलं आहे. म्हणून कथानकात 'अनाम स्त्री' आणि निर्मितीच्या विभागात डेव्हिस यांचं म्हणणं, अशी विभागणी करावी.

या भागातलं डोनाच्या लग्नाचं दृश्य ('द रनअवे ब्राइड'मधलं नव्हे) लहान आहे, पण सोडू नये. डॉक्टर विल्फ आणि सिल्व्हियाच्या हाती एक लॉटरीचं तिकीट देतो. ते घेण्यासाठी त्याने जेफ नोबलकडून, म्हणजे डोनाच्या दिवंगत वडिलांकडून, मागच्या काळात जाऊन एक पौंड उसना घेतलेला असतो. निर्मितीचा विभाग वाचलेल्या वाचकाला इथे अ‍ॅटफिल्ड आठवतात, म्हणून त्या विभागाकडे दुवा द्यावा.

शेवटचं दर्शन

क्रिबिन्स यांचा जन्म २९ डिसेंबर १९२८चा, निधन २७ जुलै २०२२ला. 'वाइल्ड ब्लू यॉन्डर'च्या शेवटचं त्यांचं दृश्य त्याआधी चित्रित झालं होतं आणि हा भाग त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. इथे एक तर्क नोंदींमध्ये हमखास शिरतो: अभिनेते गेले, म्हणजे पात्रही गेलं. मालिकेत तसं म्हटलेलं नाही. विल्फ चाकाच्या खुर्चीत बसून डॉक्टर आणि डोनाची वाट पाहतो आहे, आणि पुढच्या भागातही तो हयात असल्याचंच बोललं जातं. माहितीचौकटीत पात्राचा 'मृत्यू' हा रकाना रिकामा ठेवावा.

आकार, आधार, चित्रं

पूर्ण नोंद बाराशे ते चौदाशे शब्दांत बसते. प्रस्तावना साठ-ऐंशी शब्दांची: कोण, कुणाचा कोण, कुणी साकारला, केव्हापासून केव्हापर्यंत. चरित्र सहाशेच्या आसपास. पर्यायी काळरेषा शंभर, निर्मिती दोनशे, आणि उरलेली जागा समीक्षकांनी काय म्हटलं याला. हा शेवटचा विभाग नसेल तर मराठी विकिपीडियावर उल्लेखनीयतेचा प्रश्न उभा राहतो, कारण केवळ कथानक सांगणाऱ्या पानाला स्वतंत्र अस्तित्व देणं अवघड असतं. क्रिबिन्स यांच्या निधनानंतर ब्रिटिश वृत्तपत्रांनी लिहिलेले मृत्युलेख इथे उपयोगी पडतात. त्यांत विल्फचा उल्लेख ठळक आहे. तारखा आणि श्रेयांसाठी बीबीसीची भागांची पानं. चाहत्यांचे कोश दिशा शोधायला उत्तम, पण संदर्भ म्हणून देऊ नयेत. ध्वनिनाट्यं आणि कादंबऱ्यांमधला मजकूर घ्यायचाच असेल तर वेगळ्या मथळ्याखाली, माध्यमाचं नाव सांगून.

भागातली थांबवलेली चौकट उचलून विकिमीडिया कॉमन्सवर (मुक्त चित्रांच्या साठ्यावर) चढवू नये. ती बीबीसीची मालमत्ता आहे आणि काढली जाते. क्रिबिन्स यांचं मुक्त परवान्याचं छायाचित्र वापरता येतं, पण खाली 'विल्फ्रेड मॉट' असं न लिहिता 'विल्फची भूमिका करणारे बर्नार्ड क्रिबिन्स' असं लिहावं.

खर्डा आधी सदस्य पानाखालच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) ठेवावा आणि एक दिवस सोडून वरची कसोटी पुन्हा लावावी. पहिल्या फेरीत सुटलेली वाक्यं दुसऱ्या फेरीत सापडतात. मग 'विल्फ मॉट' या नावाचं पुनर्निर्देशन करावं, 'डोना नोबल' आणि 'डॉक्टर हू' या पानांवरून दुवे जोडावेत, विकिडेटावर इंग्रजी पानाशी सांधा घालावा आणि काल्पनिक पात्रांचा वर्ग लावावा. क्रिबिन्स यांच्या पानाचे वर्ग, म्हणजे जन्मसाल, मृत्युसाल, ब्रिटिश अभिनेते, इथे नकलून आणू नयेत. घाईत हे फार वेळा होतं आणि मग विल्फ २०२२मध्ये वारलेल्या खऱ्या माणसांच्या यादीत दिसू लागतो.